मेंदूज्वर : ओळखावा कसा, टाळावा कसा



आरे वसाहतीतले आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले पाडे मुंबईच्या हद्दीत येतात. मोठी रुग्णालये तिथून फार लांब नाहीत. तरीही रात्री पाड्यावर मूल आजारी पडले, तर पायवाटेने डांबरी रस्त्यापर्यंत यायचे, अंधार, बिबट्याची धास्ती आणि रिक्षा मिळेलच असे नाही. त्यामुळे "सकाळी बघू" असे म्हटले जाते. साध्या तापात हे चालून जाते. मेंदूज्वरात ती एक रात्र मुलाचे आयुष्य ठरवू शकते. आपल्यापैकी जे पाड्यांवर जातात आणि जे घरून या कामाला हातभार लावतात, त्या सर्वांना हा आजार नीट समजावा म्हणून हा पाठ.

आजार म्हणजे काय?

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांभोवती पातळ आवरणे असतात. त्यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. या आवरणांना जंतुसंसर्ग होऊन सूज आली, की त्याला डॉक्टर मेनिंजायटिस म्हणतात. बोलीत आपण "मेंदूज्वर" किंवा "मेंदूत ताप गेला" म्हणतो. खुद्द मेंदूला सूज येते त्या आजारालाही लोक हेच नाव देतात, पण तो वेगळा. दोन्हींमध्ये घरच्यांनी करायचे काम मात्र एकच : तातडीने रुग्णालय गाठणे.

याची कारणे मुख्यतः तीन. विषाणूंमुळे होणारा मेंदूज्वर बहुधा सौम्य असतो आणि बरेच रुग्ण आपोआप बरे होतात. जिवाणूंमुळे होणारा काही तासांत जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे अशा 6 रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो आणि वाचलेल्या 5 पैकी एकाला बहिरेपणा, फिट्स यांसारखे गंभीर व्यंग राहते. तिसरा प्रकार क्षयरोगाच्या जंतूंचा. आपल्या कामात याचेच भय अधिक, कारण तो चोरपावलांनी येतो. मुंबईतच जे. जे. रुग्णालयात डॉ. पी. एम. उदाणी आणि मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांनी 1960 च्या आणि 1970 च्या दशकांत मुलांमधील या प्रकारावर जो अभ्यास केला, तो जगभर मानला गेला.

लक्षणे

मोठ्या मुलांत व प्रौढांत : जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणे (हनुवटी छातीला लावता न येणे), उजेड सहन न होणे, गुंगी, बडबड, झटके.

तान्ह्या बाळात मान ताठ असेलच असे नाही. बाळ अंगावर पीत नाही, मलूल पडते किंवा उचलून घेतले तरी किरट्या आवाजात रडत राहते, टाळू फुगल्यासारखी वर येते. कधी ताप न येता अंग उलट गार लागते.

अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले तर काचेचा पेला त्यावर दाबून पाहा. दाबूनही ठिपके दिसतच राहिले, तर एक मिनिटही दवडू नका.

क्षयाच्या प्रकारात दोन-तीन आठवडे बारीक ताप, वजन घटणे, चिडचिड, खेळण्यात लक्ष नसणे, मधूनच उलटी एवढेच दिसते. घरात कुणाला क्षय असेल आणि मूल असे मलूल झाले असेल, तर गुंगीची वाट पाहू नये.

पाड्यावर झटक्याला "बाहेरचं लागलं" असे म्हणून आधी भगताकडे नेण्याची रीत आहे. तिची टिंगल करून काही साधत नाही. भगताशीही ओळख ठेवावी आणि ताठ मान, झटका, गुंगी दिसली की त्यानेच "आधी दवाखान्यात न्या" म्हणावे, इतका विश्वास जोडावा. आपल्यालाही प्रार्थनेसाठी बोलावणे येते. प्रार्थना अवश्य करावी, पण अशा वेळी ती रिक्षात बसून करावी.

"पाठीतून पाणी काढतात" त्याविषयी

रुग्णालयात पोहोचल्यावरही एक अडचण उभी राहते. डॉक्टर पाठीतून पाणी काढायचे म्हणतात आणि आईवडील घाबरून मुलाला घरी घेऊन जातात. "पाय जातात", "मूल लुळे पडते" असे त्यांनी ऐकलेले असते. एका पाड्यावरच्या आजीबाई मला म्हणाल्या, "मणक्यात सुई गेली म्हणजे पोर संपलं." त्यांना समजावताना मी माझ्याच कमरेवर बोट ठेवून दाखवले : मज्जारज्जू इथे वरच संपतो, सुई त्याच्याही खाली घालतात, आणि काढतात ते थोडेसेच पाणी, जे शरीर पुन्हा तयार करते. त्यावरून आजार कोणत्या जंतूचा आणि औषध कोणते, हे कळते. काही काळ डोके किंवा कंबर दुखू शकते. लुळेपणा येतो तो आजारावर उपचार न झाल्यामुळे, आणि दोष मात्र सुईला मिळतो. हे समजावण्याचे काम आपण आधीच, शांतपणी करून ठेवावे.

उपचार

जिवाणूंच्या मेंदूज्वरात शिरेतून प्रतिजैविके ताबडतोब सुरू करतात. तपासणीला वेळ लागणार असेल तर औषध आधी. उपचार आठवडा-दोन आठवडे, कधी जास्तही चालतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ताप तेवढा दबतो आणि निदान अवघड होते.

1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत क्षयाच्या मेंदूज्वरातून रुग्ण क्वचितच वाचत. आज तो बरा होतो. औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. पण ती 9 ते 12 महिने घ्यावी लागतात. महिन्या-दोन महिन्यांत मूल हसू-खेळू लागते आणि वीटभट्टीच्या किंवा भातलावणीच्या दिवसांत कुटुंब गावी जाते, तिथेच औषध तुटते. जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रातून कागद आणि पुढच्या गावी औषधाची सोय करून घेता येते. ती झाली का, हे विचारायला आपले कार्यकर्ते हवेत.

मूल घरी आले म्हणजे संपले असे नाही. सुमारे महिन्याभराच्या आत कानांची तपासणी हवीच. या आजारानंतर आतल्या कानात हाड धरू लागले, तर श्रवणयंत्रणा बसवणेही कठीण होते. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. "हाका मारली तरी ऐकत नाही, हट्टी झालाय" असे आई सांगू लागली, तर आधी कान तपासा.

प्रतिबंध

जन्मतः बीसीजी : लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, म्हणजे मेंदूज्वरापासूनही, बरेच संरक्षण.
6, 10 व 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट : यात हिब जंतूवरील लस असते.
6 व 14 आठवड्यांना आणि 9 महिन्यांना पीसीव्ही : न्यूमोकोकसवरील ही लस 2021 पासून देशभर मोफत मिळते.
9 महिन्यांना व दीड वर्षाच्या सुमारास गोवर-रुबेला.

घरात फुप्फुसाचा क्षयरोगी असेल तर मुलांची तपासणी आणि प्रतिबंधक औषध. मेनिंगोकोकस जंतूचा रुग्ण आढळल्यास निकटच्या लोकांनाही डॉक्टर औषध देतात. शेजाऱ्यांनी घाबरून त्या घराला वाळीत टाकू नये.

लस काय करते याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 1996-97 मध्ये अडीच लाखांवर लोकांना मेंदूज्वर झाला आणि 25 हजार मृत्यू झाले. त्या देशांना परवडेल अशी, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोपासून ती देण्यास सुरुवात झाली. पुढे 30 कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि 2017 नंतर त्या पट्ट्यात 'ए' प्रकारच्या जंतूचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नाही. पुण्यात बनलेली लस बुर्किना फासोच्या खेड्यापर्यंत पोहोचते, तर आरोग्य केंद्रातली लस आरेच्या पाड्यावर पोहोचलीच पाहिजे.

आपण काय करावे?

1. भेट दिलेल्या प्रत्येक घरी 5 वर्षांखालील मुलांची लसीकरणाची कार्डे पाहा. राहिलेली लस आशाताईंना कळवा.
2. प्रत्येक पाड्यासाठी रात्री गाडी काढू शकेल अशा दोन मंडळी-सभासदांचे नंबर पाड्यावर देऊन ठेवा. 108 ही रुग्णवाहिका मोफत आहे, पण ती जिथवर येते तिथवर मूल आणावे लागते.
3. अंधेरीकडून कूपर, बोरिवलीकडून कांदिवलीचे शताब्दी, घाटकोपरकडून राजावाडी : आपल्या पाड्याला जवळचे कोणते, ते आधीच ठरवा.

गटचर्चेसाठी

तुमच्या पाड्यावर रात्री मूल आजारी पडले तर आज पहिला फोन कोणाला जातो? क्षयाचे औषध घेणारी किती कुटुंबे येत्या हंगामात गावी जाणार आहेत? उत्तरे लिहून पुढील सभेला आणावीत.