वारसाने आलेली मुरमाड जमीन विकताना कराचा हिशेब

वडिलार्जित माळाखाली मुरूम किंवा काळा दगड निघाला की त्या जमिनीस एकाएकी गिऱ्हाईक मिळू लागते. अशा वेळी वारस पुष्कळदा घाईने इसार घेऊन मोकळे होतात व कराचा विचार मागाहून करतात. तो क्रम उलट असावयास हवा.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, जमीन आपली असली तरी तिच्या पोटातील खनिज सामान्यतः आपले नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये, शासनाने दिलेल्या सनदेत निराळी तरतूद नसेल तर, खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे राहतो. मुरूम व दगड ही गौण खनिजेही त्यातच आली. अमेरिकेत जमिनीखालील तेल वा कोळशाचा हक्क खाजगी असू शकतो व तो वारसाने उतरतो. तेथील रीत येथे लागू पडत नाही. खरेदीखताने विकावयाची ती जमीन, मुरूम नव्हे. परवान्याशिवाय तो काढू दिल्यास दंडाची आपत्ती ओढवते.

वारसाने जमीन मिळाली एवढ्यावरून आयकर लागत नाही. मृत्युकरही १९८५ साली रद्द झाला. कराचा प्रश्न विक्रीच्या वेळी उद्भवतो. ग्रामीण शेतजमीन विकल्यास भांडवली लाभावर कर नाही. मात्र 'ग्रामीण' कशास म्हणावे? दहा हजार वा अधिक वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीतील जमीन ग्रामीण नव्हे. हद्दीबाहेरही, शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेप्रमाणे वस्ती दहा हजारांवर ते एक लाखापर्यंत असल्यास २ किलोमीटर, एक लाखावर ते दहा लाखांपर्यंत ६ आणि त्याहून अधिक असल्यास ८ किलोमीटरपर्यंतची जमीन करपात्र ठरते. हे अंतर सरळ रेषेत मोजतात, गाडीवाटेने नव्हे. शिवाय सातबाऱ्यावर जिरायत नोंद असली, पण प्रत्यक्षात वर्षानुवर्षे खाणच चालली असली, तर ती शेतजमीन होती हे पटवून देणे कठीण जाते.

करपात्र जमिनीची मूळ किंमत कोणती धरावी, येथे सर्वांत अधिक चूक होते. वडील वारले त्या दिवसाची किंमत धरावयाची नसते. ज्या पूर्वजाने ती विकत घेतली त्याने दिलेली किंमत धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो. मात्र त्या दिवसाचे मुद्रांक मूल्यांकन उपलब्ध असल्यास बाजारभाव त्याहून अधिक धरता येत नाही.

समजा, सहा लाख वस्तीच्या शहरापासून ४ किलोमीटरवरील, आजोबांनी १९७२ मध्ये घेतलेली जमीन दोघा भावांनी २०२५-२६ या वर्षात २४,००,००० रुपयांस विकली. दलाली वगैरे खर्च ४०,००० आणि २००१ चा भाव ४,००,००० रुपये. लाभ १९,६०,००० झाला. त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर २,४५,०००. परंतु २३ जुलै २०२४ पूर्वी संपादन केलेल्या जमिनीस निवासी व्यक्तीला दुसरा हिशेबही करता येतो. महागाई निर्देशांक २००१-०२ चा १०० व २०२५-२६ चा ३७६. म्हणून मूळ किंमत १५,०४,००० होते, लाभ ८,५६,००० उरतो व २० टक्क्यांनी कर १,७१,२००. दोहोंत कमी तो भरावा. प्रत्येक भावाच्या वाट्यास ८५,६०० रुपये येतात, उपकर निराळा. प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचे विवरणपत्र स्वतंत्र भरावयाचे आहे. खतात किंमत कमी दाखवून कर वाचेल ही समजूत व्यर्थ होय, कारण वार्षिक मूल्यदर तक्त्यातील मूल्य दहा टक्क्यांहून अधिक वरचढ असल्यास तेच विक्रीमूल्य धरतात.

दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतल्यास तिच्यात गुंतविलेल्या रकमेइतक्या लाभावर सूट मिळते. अट अशी की, विक्रीपूर्वीची दोन वर्षे त्या जमिनीत स्वतः किंवा आईवडिलांनी शेती केलेली असावी. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन जमली नाही, तर ती रक्कम बँकेतील भांडवली लाभ खात्यात ठेवावी. जुने खरेदीखत, वारसाचा फेरफार, पीकपाहणीचे उतारे आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा २००१ चा दाखला हे कागद इसारापूर्वीच जमवावेत.