रोपांआधी खुंट बघा

संगमेश्वर तालुक्यात आमची डोंगरउताराची वरकस जमीन आहे. सामायिक, सातबाऱ्यावरची नावं वाचतानाच धाप लागते. एका गणपतीत मुंबईकर भावकीने तिथे देशी झाडं लावायचा बेत केला. हेतू चांगलाच होता. पण "आधी रान साफ करू" म्हणून मे महिन्यात जेसीबी चढला आणि रानमोडी, करवंदीच्या जाळ्या, सगळं सरसकट खरवडून निघालं. त्या जाळ्यांत ऐन-किंजळीचे जुने खुंट होते. आजोबांच्या काळात रान ठेकेदाराला तोडायला दिलं होतं, तेव्हाचे. तेही मुळासकट उलथले. पहिल्या पावसात मोकळी झालेली माती पऱ्यात गेली, काही ठिकाणी खालचा जांभा उघडा पडला, आणि तिथेच विकतची वीतभर किंजळीची रोपं लावली गेली! बरीचशी उन्हाने वाळली, उरलेली गुरांनी खाल्ली.

वरचा तुकडा एका चुलत्यांच्या वहिवाटीचा. "माझ्या रानात यंत्र घालायचं नाही," म्हणून ते अडून बसले, तेव्हा सगळे त्यांच्यावर चिडले होते. आज झाडी आहे ती तेवढ्याच तुकड्यात.

कारण सरळ आहे. खुंटाचं मूळ जुनं, खोल गेलेलं असतं. त्याला फुटलेल्या धुमाऱ्याची बरोबरी पिशवीतल्या रोपाला करता येत नाही. म्हणून गावी जमीन असेल तर दसऱ्याच्या सुमारास, पानं अंगावर असताना, रान ओळखणाऱ्या जाणत्याला घेऊन फिरा आणि प्रत्येक खुंटाला चिंधी बांधा. एकेका खुंटावर धुमाऱ्यांची दाटी झालेली असते. त्यातले एक-दोन सरळ, जोमदार ठेवून बाकीचे कोयत्याने बुंध्यालगत छाटा. रानमोडी पावसात, माती ओली असताना उपटा. करवंदीला मात्र हात लावू नका. जाळीत वाकून बघा, आत कुंभ्याचं नाहीतर जांभळीचं रोप आपसूक वाढताना सापडेल. काट्यांमुळे गुरांचं तोंड तिथवर पोचत नाही.

यानंतरचं काम राखणीचं. भातं कापली की गुरं मोकाट सुटतात, आणि गवत वाळलं की वणव्याची धास्ती. बांधालगतचं गवत दिवाळीनंतर लगेच कापून रुंद जाळरेषा काढा. गड्याची मजुरी रोपांच्या बिलापेक्षा जड वाटेल, पण पैसे खर्चायचे ते इथेच.

एवढं करून मोकळी जागा उरली तर लागवड करा. काय लावायचं ते गावची देवराई सांगेल. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही. फळ खाल्लं की लगेच रुजत घाला. रोपवाटिकेत 'देशी' म्हणून गुलमोहरही गळ्यात मारतात, तो मूळचा मादागास्करचा.

आणखी एक. ऐन, किंजळ, जांभूळ ही 1964च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं. स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. हे हिस्सेदारांना आधीच सांगा, सगळ्यांच्या सह्या कागदावर घ्या. आमच्याकडे त्या जेसीबीवरून दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.