जकातनाका उठला आणि शहर वाढले

व्यापारी बंधूंनो, आपण सुताचा दर रोज पाहतो. सरहद्दीवरच्या कराने अख्खी शहरे वाढतात आणि ओसरतात, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. पोलंडमधील वूच या कापडनगरीची हकिगत प्रत्येक कापडवाल्याने जाणून घ्यावी. (इंग्रजी नकाशात हे नाव ‘लॉड्झ’ असे वाचले जाते.)

१८२० साली वूचची वस्ती आठशेच्याही आत होती. मुलूख रशियाच्या झारच्या अमलाखाली. तरीही रशिया आणि पोलंड यांच्यामध्ये जकातीची सरहद्द होती. (जकात म्हणजे येथे मालावरचा कर, आपली फर्ज जकात नव्हे.) सरकारने जर्मन मुलखांतून विणकर बोलावले, त्यांना जागा व करमाफी दिली. १८३०-३१ च्या उठावानंतर झारने पोलंडच्या मालावर जबर जकात बसवली. तेव्हा कित्येक कारखानदारांनी आपले बिऱ्हाड उचलले आणि नाक्यापलीकडे, ब्यालिस्टोकच्या परिसरात माग मांडले. कारागिरी तीच, माल तोच. फक्त नाका ओलांडला! ब्यालिस्टोकची भरभराट झाली ती अशी.

१८५१ पासून तो नाकाच उठला. वूचच्या कापडाला रशियाची अफाट बाजारपेठ मोकळी झाली. शाइब्लर, पोझनान्स्की यांच्या प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या, १८६५ साली रेल्वे आली, आणि १८९७ च्या खानेसुमारीत वस्ती तीन लाखांवर गेली. जवळ ना बंदर, ना मोठी नदी. हे शहर गिऱ्हाइकाच्या जोरावर वाढले.

पण गिऱ्हाईक एकच होते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी यंत्रे उचलून नेली आणि १९१७ च्या क्रांतीनंतर रशियाचा दरवाजा बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तेथील मोठी यहुदी वस्ती नष्ट केली. पुढे कम्युनिस्ट राजवटीत माल पुन्हा रशियाकडेच जाऊ लागला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि गिरण्यांना टाळी लागली.

२००४ साली पोलंड युरोपीय संघात गेला. पुन्हा नाके उठले, त्याही वेळी शहर वाढायला हवे होते. परंतु या मोठ्या बाजारात आशियाचे स्वस्त कापड आधीच येत होते, आणि कामगारांना ब्रिटनची वाट खुली झाली. माझ्या मते नाका उठण्याने माल जसा बाहेर जातो तसा माणूसही जातो, हे आपण हिशेबात धरत नाही. १९८८ साली साडेआठ लाखांची वस्ती आज सात लाखांच्या आत आहे.

पोझनान्स्कीच्या लाल विटांच्या गिरणीत २००६ पासून मोठे बाजारसंकुल आहे. तेथे तयार कपडे विकले जातात.