मोठ्या मूळ संख्येची पारख

दोनाचे २, ३, ५, ७ हे घात घेऊन प्रत्येकातून १ वजा केल्यास ३, ७, ३१, १२७ या मूळ संख्याच मिळतात. मुले लगेच नियम बांधतात. त्यांना तो खुशाल बांधू द्यावा. मग अकरावा घात काढवून घ्यावा: २०४७ = २३ × ८९! दोन्ही विभाजकांस २२ ने भागता बाकी १ उरते, हेही फळ्यावर दाखवावे.

एकतिसाव्या घाताची २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मात्र मूळ आहे. ती मूळ नसती, तर तिचा एक तरी मूळ विभाजक ४६,३४० पर्यंत सापडता, व त्यास ६२ ने भागता बाकी १ च उरती. अशा संख्या साडेसातशेहून कमी! त्याही आणखी गाळून ऑयलरने, दृष्टी जवळजवळ गेलेली असता, १७७२ मध्ये निकाल दिला. वर्गात १२७ घ्यावी. तेथे १४ ने भागता बाकी १ देणारी पहिली संख्या १५, आणि ती वर्गमूळाच्या पलीकडची.