परसबागेत एकच झाड लावायचे तर पेरू की लिंबू?



पाऊस जवळ आला की बैठकीत रोपांचा विषय निघतोच. "दारात जागा एकाच झाडाची आहे, काय लावू?" असे विचारणाऱ्या खूप जणी असतात. बहुतेक वेळा गाडी दोन झाडांवर येऊन थांबते, पेरू आणि कागदी लिंबू. दोन्ही बारमाही हिरवी. सीताफळासारखी उन्हाळ्यात उघडीबोडकी होत नाहीत. सावली देतात, फळ देतात आणि आपल्या जिल्ह्यात चांगली येतात. राहात्याचा पेरू आणि श्रीगोंद्याचे लिंबू सगळ्यांना माहीत आहे. पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. तो आज समजून घेऊ.

आधी पाण्याचा हिशेब

आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारकडून एक गोष्ट शिकायची. तिथे वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान केले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले. ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके टाळली. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी, मग पिकांचे. पाऊस कमी, तर पीकही बेताचे.

आपल्या परसबागेचा ताळेबंदही असाच मांडायचा. झाडासाठी वेगळा हंडा भरायचा नाही. घरात वापरून झालेल्या पाण्यावर जगेल तेच झाड आपले. नळ योजनेत माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घरात झाले 275 लिटर. त्यातले पिण्या-स्वयंपाकाचे सोडले तर बरेचसे मोरीतून बाहेर जाते. एका-दोन झाडांना ते पुरून उरते. पण कोणते पाणी कोणत्या झाडाला, यातच सगळी मेख आहे.

पेरू: सोसणारे झाड

पेरू काटक आहे. हलक्या मुरमाड जमिनीत येतो, थोडी चोपण, खारवट जमीनही सहन करतो. अंघोळीचे पाणी त्याला चालते, मात्र ते थेट बुडाशी सोडू नका. वाटेत दोन-अडीच फुटांचा खड्डा घ्या, तळाशी विटांचे तुकडे, वर खडी आणि त्यावर वाळू भरा. पाणी त्यातून गाळून आळ्यात जाऊ द्या. वाळू महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन घ्यायची.

पेरूचे रोप बियांचे लावू नका. बियांच्या रोपाला आईसारखे फळ येईल याचा भरवसा नसतो. कलमच घ्या. 'सरदार' हा वाण आपल्याकडे जुना आणि खात्रीचा. 1927 साली पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात तो निवडला गेला. 'लखनौ 49' असेही त्याला म्हणतात. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरते.

पेरूची फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून हलकी छाटणी करत राहिले तर झाड आटोपशीर राहते आणि फळही हाताशी येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुले आली की थंडीत फळ तयार होते. ते फळ गोड असते आणि त्यात अळीही कमी. पावसाळ्यात पिकणाऱ्या फळांना फळमाशीचा त्रास जास्त. खाली पडलेली, किडलेली फळे रोज वेचून खोल पुरायची. तशीच पडू दिली तर त्यातूनच पुढची माशी तयार होते.

तोटा म्हणाल तर पिकलेला पेरू दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. पोपट, वटवाघळे आणि शेजारची पोरे आपापला वाटा नेतातच!

लिंबू: देखणे पण नाजूक

कागदी लिंबाला निचऱ्याची जमीन लागते. बुडाशी पाणी साचलेले त्याला अजिबात खपत नाही. खोड सतत ओले राहिले की साल कुजते, डिंक गळतो. याला डिंक्या म्हणतात, आणि यात भरले झाडसुद्धा वाळून जाते. म्हणून दुहेरी आळे करायचे. खोडाभोवती मातीची छोटी भर घालायची आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडायचे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावायची. एका झाडापुरते 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात कालवून एकत्र करा, सगळे मिळून पाणी 1 लिटर. भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडी नको.

साबण-सोड्याचे आणि खारट पाणी लिंबाला मानवत नाही. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. त्याला तांदूळ-डाळी, भाज्या धुतलेले पाणी द्या. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती हाताने वेचली तरी भागते.

लिंबाचे मात्र बियांचे रोप चालते, बहुतेक रोपे आईसारखीच निघतात. फळाला चार-पाच वर्षे थांबावे लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'साई शरबती' हा वाण चांगला आहे. काटे असतात, त्यामुळे लेकरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लिंबू नको.

फायदा असा की फळ पेरूपेक्षा जास्त टिकते आणि पाखरे त्याच्या वाटेला जात नाहीत. उन्हाळ्यात भाव चढतो. गटाला लोणचे-सरबत करायचे तर घरचा माल हाताशी राहतो.

ताटात कोण जास्त देते?

आंबट म्हणून लिंबातच क जीवनसत्त्व जास्त, असे आपल्याला वाटते. पण 100 ग्रॅम पेरूत ते साधारण 200 मिलिग्रॅम असते, लिंबाच्या तिपटीहून जास्त. बाईला रोज लागते 65 मिलिग्रॅम. म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला की दिवसाची गरज भागली.

हे महत्त्वाचे का? तर आपल्यात कितीतरी जणींचे रक्त कमी असते. बाजरी, हरभरा, पालेभाज्या यांत लोह असते, पण ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणून जेवणाबरोबर पेरूची फोड खा किंवा भाजीवर लिंबू पिळा. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळायचे, उकळताना नाही. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. आणि दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या. फळ हे गोळीच्या जागी नाही, जोडीला आहे.

मग ठरवायचे कसे?

जागा एकच, पाणी मोरीचे, घरात लहान लेकरे किंवा गरोदर सून असेल तर डोळे झाकून पेरू लावा. जागा उंचवट्याची, निचऱ्याची असेल, धुण्या-भांड्याचे पाणी तिकडे जात नसेल आणि गटात लोणच्याचे काम चालत असेल तर लिंबू. जागा दोन झाडांची असेल तर दोन्ही लावा, पण मध्ये वीस फूट आणि भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर ठेवा. जागा नसेल तर शेजारणीशी ठरवा. तिच्याकडे लिंबू, तुमच्याकडे पेरू, फळांची अदलाबदल.

दोन्हींसाठी खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. उन्हाळ्यातच खणून तापू द्या. पोयट्याची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घालून भरा. पाऊस पडून जमीन ओली झाली की रोप लावा. रोप विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्या. दारावर येणाऱ्या गाडीवरच्या रोपाची जात कोण सांगणार?

झाड एकदा लावले की पंधरा-वीस वर्षांची सोबत आहे. चुकले म्हणून कुऱ्हाड घालण्यापेक्षा आधी चार दिवस विचार केलेला बरा.

पुढच्या बैठकीसाठी

1. तुमच्या मोरीचे पाणी आज कुठे जाते? किती बादल्या होतात? एक दिवस मोजून या.
2. एक फूट खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर तिथे लिंबू नको.
3. गटात कोणाकडे कोणते झाड आहे, याची यादी करा आणि कोण काय लावणार ते वहीत लिहा.