माथेरानच्या चार खोल्या

माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरापासून हाकेच्या अंतरावर माझं घर आहे, आणि माथेरानला मावशीनं उभ्या केलेल्या चार खोल्या. राहणं, दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, असा घरगुती मुक्काम. मावशीच्या गुडघ्यांना चढ झेपेनासा झाला तेव्हा तो माझ्याकडे आला. दादरला कर्जत लोकल पकडायची, नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी नाका गाठायचा आणि पुढे लाल मातीतून चालत जायचं, हा तेव्हापासूनचा माझा रस्ता. त्या रस्त्यावर आणि त्या खोल्यांत जे उमगत गेलं ते लिहिते आहे. तुमचा डोंगर वेगळा असेल.

1. दस्तुरीच्या पुढे प्रत्येक वस्तूला वजन असतं. माटुंग्यात वाण्याला फोन केला की पोरगा पिशवी दारात ठेवून जातो; ती किती किलोची होती हे मनातही येत नाही. माथेरानात मोटारींना बंदी आहे. ती जुनीच, पण 4 फेब्रुवारी 2003च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि बंदीला कायद्याचं बळ आलं. त्यामुळे तांदळाचं पोतं, गॅसचा सिलिंडर, गादी, आरसा, सगळं नाक्यावर उतरतं आणि तिथून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर चढतं. स्वयंपाक करणाऱ्या आमच्या बाई एकदा भांडी आवरताना म्हणाल्या, “ताई, भात उरला की मला घोडा दिसतो.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आम्ही बाटलीबंद पाणी ठेवत नाही ते त्याच विचारानं. भरलेली बाटली कुणीतरी वर आणायची आणि रिकामी कुणीतरी खाली न्यायची, नाहीतर ती दरीत जाणार. उकळून गाळलेलं पाणी खोलीत तांब्यात भरून ठेवते. काही पाहुण्यांना ते आवडत नाही. त्यांना मी घोड्याची गोष्ट सांगते.

2. कमाई थोड्या आठवड्यांची असते, घर मात्र बारा महिन्यांचं. दिवाळी, नाताळ ते नवीन वर्ष, मग एप्रिल-मेच्या सुट्या, आणि मधले शनिवार-रविवार. बाकी दिवस खोल्या उघडून हवा खेळवायची. हे फक्त इथलंच नाही. जपानमधल्या नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथं घरातल्याच थोड्या खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबं आहेत. तिथला हंगाम बर्फाचा. बर्फावरून घसरायला लोक येतात तेवढे महिने भरून जातात. बर्फ वितळला की पाहुणे पांगतात. त्यांच्याविषयी वाचताना मला आमची फेब्रुवारीतली बुधवारची दुपार आठवत होती. पण याच रिकाम्या दिवसांत येणारी माणसं मला सगळ्यात जवळची झाली आहेत. निवृत्त जोडपी, दुर्बीण गळ्यात घालून पक्षी शोधणारी मुलं, परीक्षेच्या वह्या तपासायला शांतता हवी म्हणून आलेल्या एक प्राध्यापिका. ती घाईत नसतात. चहाला बोलावलं की येऊन बसतात.

3. पाऊस हा इथला खरा यजमान आहे. मे महिना संपता संपता कौलं चाळायची, ताडपत्र्या ताणून बांधायच्या, पन्हाळी साफ करायच्या. पहिला दणका कधी बसेल सांगता येत नाही. जुलैत 24 तासांत 300 मिलिमीटर पाऊसही इथं होतो. मग ढग घरात शिरतात. मिठाला पाणी सुटतं, काडी ओढली तर गुल नुसताच गळून पडतो, चपलांवर बुरशी धरते. चादरी तर वाळतच नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत दोऱ्या बांधून, पंखा लावून त्या सुकवायच्या, आणि तरीही त्यांना एक ओलसर वास राहतो. मी पाहुण्यांना फोनवरच ते सांगते. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची चादर पावसाळ्यात मिळणार नाही. गरम पिठलं-भाकरी आणि ओसरीवरची खुर्ची मिळेल. हे ऐकून जे येतात ते पुन्हा येतात. श्रावणात दर वर्षी येणारं एक वयस्क जोडपं आहे. दोघं दिवसभर ओसरीवर बसतात. समोर झाडं दिसत नाहीत, दरी दिसत नाही, फक्त पांढरं. मधूनच शीळ कस्तूर या पक्ष्याची शीळ येते, एखाद्या पोरानं रमतगमत वाजवावी तशी. काका सांगतात, माटुंग्याच्या गर्दीत वर्षभर कानांत जे साठतं ते इथं उतरतं.

4. झुकझुकगाडीचं वचन कुणाला देऊ नये. ‘नेरळहून गाडीनंच यायचंय’ असं म्हणणारे पाहुणे बहुतेक लहान मुलांचे आईबाप असतात, किंवा स्वतः लहानपणी त्या गाडीत बसलेले आजी-आजोबा. त्यांची ओढ मला पूर्ण कळते. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं 1904 ते 1907 या काळात हा दोन फूट रुंदीचा रूळमार्ग डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळवत वर आणला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं आजही तीच आहेत. पण डोंगर आणि पाऊस यांच्यापुढे रूळ टिकवणं अवघड. 26 जुलै 2005च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2019च्या पावसानं पुन्हा मोडला, आणि नेरळहून गाडी थेट वर यायला 2022चा ऑक्टोबर उजाडावा लागला. दर पावसाळ्यात नेरळचा टप्पा बंदच असतो, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी चालते. गाडी बंद होती त्या वर्षांत एक आजोबा नातवाला घेऊन रुळांच्या कडेकडेनं चालत गेले आणि परत येऊन त्याला प्रत्येक वळणाचं वर्णन करत राहिले. नातू ऐकत होता. गाडी नव्हती, तरी त्या मुलानं ती पाहिली असं मला वाटतं.

5. खिडकीला जाळी हवी. माकडांना दाराच्या कड्या उघडता येतात, आणि पाहुण्यांच्या पिशवीतली चिक्की त्यांना आधी कळते. याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

6. डोंगर आपल्या आधीपासून कुणाचा तरी आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850च्या मे महिन्यात इथं चढून आले, म्हणून हिल स्टेशनचा इतिहास त्यांच्यापासून सांगतात. पण पायथ्याच्या आणि उतारावरच्या वाड्यांतल्या ठाकर, कातकरी माणसांच्या पायवाटा त्याच्या कितीतरी आधीच्या. आजही आसलवाडी, बेकरेवाडीसारख्या वाड्यांतल्या बायका उजाडायच्या आत चढायला लागतात. मे महिन्यात करवंदं, जांभळं, पाऊस पडल्यावर रानभाज्या. पानांच्या द्रोणातली करवंदं आमच्या ओसरीवर पोचतात तेव्हा पाहुणे अजून अंथरुणात असतात. त्यांतल्याच कित्येकजणी पुढे दिवसभर नाक्यावर पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेतात. माझ्या ओसरीवर करवंदांच्या भावात घासाघीस करू देत नाही. कुणी सुरुवात केली तर मी स्पष्ट बोलते, मग पाहुणा नाराज झाला तरी चालेल. जी बाई डोंगर चढून आली आहे तिच्याकडून पाच रुपये वाचवून काय साधायचं?

7. रात्री कुणी आजारी पडलं की आपण मुंबईपासून किती लांब आहोत ते कळतं. दिवसा हे अंतर म्हणजे एक लोकल आणि एक टॅक्सी. रात्री दोन वाजता छातीत दुखतं म्हणून कुणी दार वाजवलं की तेच अंतर वेगळं होतं. रुग्णवाहिकेला इथं परवानगी आहे, गावात दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला घाट उतरून खालीच न्यावं लागतं. म्हणून खोली देताना वय विचारते, औषधं विचारते, किती चालवेल ते विचारते. कुणाला ते आगाऊपणाचं वाटतं. विचारायचं थांबवणार नाही.

8. चार खोल्यांचा लॉज चार खोल्यांत चालत नाही, तो गावावर चालतो. नोझावा ओन्सेनविषयीची जी गोष्ट मला सगळ्यात भावली ती ही: गावात गरम पाण्याच्या झऱ्यांवरची 13 सार्वजनिक न्हाणीघरं आहेत, कुणीही यावं, फुकट नाहावं, आणि त्यांची झाडलोट, देखभाल आसपासची घरंच आपसांत वाटून घेतात. पाहुणा तिथं एका घरात उतरतो आणि न्हातो सगळ्या गावाच्या पाण्यात. माथेरानची नगरपालिका 1905ची, आणि 2011च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आतली. एवढ्या गावात नळ दुरुस्त करणारा, रात्री पॉइंटवर चुकलेल्या पाहुण्याला शोधून आणणारा आणि गणपतीची आरती म्हणणारा हा बहुधा एकच माणूस असतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी माटुंग्याहून गेले नाही, तर जानेवारीत फुटलेला पाइप मार्चपर्यंत तसाच राहील, असा हिशेब लोक मांडतील. पण मी जाते ती त्यासाठी नाही. इतक्या लहान जागी कामाची ओळख आणि आपुलकी वेगळ्या ठेवताच येत नाहीत.

9. पाहुण्याला ओढत आणणारा माणूस आता बदलतो आहे, आणि त्यात मला बाजू घ्यावी लागली. माथेरानात परवाना असलेल्या 94 हातरिक्षा होत्या. एक जण पुढून ओढायचा, दोघं मागून ढकलायचे, आत माणूस बसलेला. चढावर त्यांच्या पाठीचे स्नायू दिसायचे. म्हाताऱ्या पाहुण्यांना दुसरा उपाय नव्हता, म्हणून मी रिक्षा सांगायचे, पण दारात उतरवून घेताना त्या तिघांकडे सरळ बघवायचं नाही. गावातल्याच एका निवृत्त शिक्षकानं ई-रिक्षांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. डिसेंबर 2022 मध्ये त्या प्रयोग म्हणून सुरू झाल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. त्यांची भीती खोटी नाही. घोडा कर्जानं घेतलेला असतो आणि त्याला पावसाळ्यातही खायला लागतं. मग 6 ऑगस्ट 2025ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माणसानं माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असा आदेश दिला. गावातल्या चर्चेत मी उघडपणे त्या बाजूनं बोलले. ज्यांनी इतकी वर्षं रिक्षा ओढली त्यांच्याच हातात नव्या रिक्षेचं हँडल पहिल्यांदा जावं, बाहेरच्या पैसेवाल्याच्या नाही, हे माझं म्हणणं आहे. घोड्यांना सामानाचं आणि रपेटीचं काम उरेल अशी आखणीही व्हायला हवी.

10. बॅग किती मोठी आणावी हे आधीच सांगितलेलं बरं. खोली पक्की झाली की पाठवायच्या निरोपात मी लिहिते: दोन रात्रींना एक छोटी बॅग पुरते, उंच टाचेची पादत्राणं नकोत, हमालीचा दर ठरलेला आहे. एका पाहुण्यांनी विचारलं, “ताई, हमाली खोलीच्या भाड्यातच का धरत नाही? आम्हाला सोपं जाईल.” मी नाही म्हटलं. ते पैसे माझ्या गल्ल्यात आले की पाहुण्याला फक्त बिल दिसतं. बॅग जिनं डोक्यावर आणली तिच्या हातात पाहुण्यानं स्वतः पैसे ठेवावेत, तिचं नाव विचारावं. परतीच्या दिवशी पुष्कळ जण तिलाच बोलवायला सांगतात.