अंदाजपंचे धंदा नको गं!

भाजणी विकायची म्हणतेस ना? मग डाळी आणायला बाजारात जायच्या आधी एक दोनशे पानी वही आण. जाड पुठ्ठ्याची आण, कारण ती ओट्याजवळ राहणार आहे आणि तिला पिठाचे-तेलाचे हात लागणार आहेत. मोबाईलमध्ये लिहीन म्हणशील, पण भाजणं चालू असताना मोबाईल कोण उघडतंय? मी तुझ्यापेक्षा बरीच वर्षं आधी या फंदात पडलेय, म्हणून हक्कानं सांगते. घरगुती धंद्यात जे लिहिलं जात नाही, ते हिशेबात येत नाही. आणि जे हिशेबात येत नाही, ते आपण फुकट करत राहतो.

तुझ्या हाताला चव आहे, यात वादच नाही. गणपतीत तुझी थालीपिठं खाल्लेल्यांनीच पीठ मागितलं ना? पण आपलं सगळं असतं अंदाजानं. मूठभर धणे, चिमूटभर मेथी, ‘खमंग वास सुटेपर्यंत’ भाजायचं. घरच्यांना हे चालतं. एखाद्या दिवशी बिघडलं तरी ते जेवतात आणि गप्प बसतात. गिऱ्हाईकही गप्पच बसतं म्हणा, फक्त परत येत नाही. त्याला दिवाळीत आवडलेली भाजणी मार्गशीर्षात हुबेहूब तशीच हवी असते. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि घराघरांत पोचली, त्यात वाटी-चमच्याच्या नेमक्या प्रमाणांचा वाटा मोठा होता. नवख्या सुनेलाही त्यातला पदार्थ जमायचा. तुला आता त्याच्याही पुढे जायचंय. वाटी सोड आणि वजनकाटा घे.

चकलीच्या भाजणीचं उदाहरण घे. तांदूळ चार भाग, हरभऱ्याची डाळ दोन, मूगडाळ एक, उडीदडाळ एक आणि वर धणे-जिरे. हे प्रमाण बहुतेक घरांत थोड्या फरकानं असंच असतं. तुझं जे काही असेल ते ग्रॅममध्ये लिही. तांदूळ कुठले, जुने की नवे, धुऊन वाळवलेत की नुसते पुसलेत, तेही लिही. कोणतं धान्य किती वेळ आणि किती आचेवर भाजलं ते लिही. भाजणी गिरणीत कशावर दळली, हेसुद्धा लिही. गव्हावर दळलेली चकलीची भाजणी आणि तांदळावर दळलेली यांत फरक पडतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. गिरणीवाल्याला तसं सांगून ठेव, जमलं तर गिरणीची सकाळची वेळ ठरवून घे. प्रत्येक दळणाला तारीख आणि नंबर दे. त्यातली एक छोटी पिशवी न विकता कपाटात ठेव. महिन्यानं उघड, वास घे, थोडं पीठ मळून बघ. ‘किती दिवस टिकतं?’ या प्रश्नाचं उत्तर ती पिशवी देईल. भाजणी बऱ्यापैकी टिकते, पण गोड्या मसाल्यात तीळ-खोबरं असतं, ते लवकर खवट होतं. दोन्ही पिशव्यांवर एकच मुदत छापलीस तर तक्रार येणारच. आणि पावसाळ्यात मोठी पाकिटं भरूच नकोस, पाव आणि अर्धा किलोचीच बरी.

आता भावाचं बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. परवा तू फोनवर म्हणालीस, ‘ताई, एकशे दहाचं सामान लागतं किलोला, दीडशेला देते, चाळीस सुटतात.’ तुझेच आकडे घेऊन दहा किलोचा हिशेब मांडू. धान्य-डाळी-धणे-जिरे 1100 रुपये. दळणाचे समज 150, गॅसचे 80, पिशव्या आणि लेबलांचे 150, रिक्षा 70. झाले 1550. भाजताना आणि चाळताना घट येते. हातात साडेनऊ किलो पडलं असं धर. दीडशेनं विकलंस तर येतील 1425. म्हणजे पदरचे सव्वाशे गेले आणि तू समजतेस चारशे सुटले!

आणि अजून तुझे हात हिशेबात धरलेलेच नाहीत. निवडणं, भाजणं, गार करणं, गिरणीत रांग लावणं, चाळणं, भरणं, चिकटवणं. आठ तास कुठे गेले नाहीत. तासाला 75 रुपये धरले, आणि हा काही फार मोठा दर नव्हे, तरी 600 होतात. 1550 आणि 600 मिळून 2150. त्याला साडेनवानं भाग. किलोला सव्वादोनशेच्या थोडं वर. हा झाला खर्च. यावर नफा ठेवायचा, बिघडलेल्या पाकिटाची सोय ठेवायची, दुकानात ठेवणार असलीस तर दुकानदाराचं कमिशन धरायचं. तेव्हा कुठे भाव ठरतो. ‘एवढ्याला कोण घेईल?’ असं लगेच म्हणू नकोस. ज्या बाईला सकाळी आठ-बाराची लोकल पकडायचीय आणि पोरांना घरचं थालीपीठही द्यायचंय, ती घेईल. जिला घेववत नाही तिच्यासाठी पाव किलोचं पाकीट ठेव. भाव पाडू नकोस.

आपले तास आपण धरत नाही, कारण ‘घरातच तर असते’ हे आपण इतरांकडून ऐकून ऐकून स्वतःलाही पटवून घेतलंय. वहीत एक रकाना फक्त वेळेचा कर. महिनाभर लिहिलंस की तुलाच कळेल, कोणत्या पदार्थात पैसा आहे आणि कोणता नुसता कौतुकासाठी करतेस. अनारशाचं पीठ बघ. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, कुटा, चाळा, गूळ घालून मळा, आंबवा. भाव मात्र भाजणीच्या जवळपास सांगतेस! एक तर त्याचा भाव वाढव, नाहीतर फक्त दिवाळीपुरतं कर.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मला त्यातली त्यानंतरची गोष्ट जास्त भावते. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितलं, की एकच दर्जा ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, हा धंदा म्हणूनच चालवा. उडीद आणि हिंग तर घरोघरी होतं. बाकी घरांतले पापड वाळवणापुरतेच राहिले, ते हा दर्जा आणि हा हिशेब नव्हता म्हणून. म्हणून ‘थोडी स्वस्त भाजणी कर ना, डाळ कमी घालून’ असं कोणी म्हणालं तर हसून नाही म्हण. एकदा का डाळ कमी घातलीस की तुझ्या नावाची चवच राहत नाही.

उधारीचं पान वहीच्या मागून सुरू कर. नातेवाईक, शेजारी, सोसायटीतल्या वहिनी, सगळे म्हणणार, ‘पैसे नंतर देते गं.’ मुंबईत गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायका आठव. कामगारांना पगार महिन्यानं, वाण्याचं देणं मात्र रोजचं. मधल्या खिंडीत त्या सावकाराच्या व्याजात अडकायच्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला. त्यांच्या हाताला चव कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. पैसा अडकायचा तो माल गेल्यापासून दाम येईपर्यंतच्या दिवसांत. तेव्हा तू नियम एकच ठेव. ऑर्डरच्या वेळी निम्मे, पाकीट हातात देताना उरलेले. सख्ख्या मावशीलाही. मावशीला प्रेमानं एखादं मेतकुटाचं पाकीट भेट दे, पण भेट म्हणून वहीत लिहून दे. भेट आणि विक्री एका ओळीत आली की दोन्हींचा विचका होतो. बँकेत खातंही वेगळं काढ आणि गिऱ्हाइकाला त्याच खात्याचा क्यूआर कोड दे. किराण्याच्या आणि शाळेच्या फीच्या गर्दीत धंद्याचे पैसे शोधत बसायची वेळ येऊ नये.

आता वहीतला माझा सर्वांत आवडता भाग. गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेव. बघशील, तेच चार-पाच प्रश्न फिरून फिरून येतात. ‘चकल्या तेलात विरघळल्या’ म्हणजे मोहन जास्त झालं. ‘दगडासारख्या झाल्या’ म्हणजे मोहन कमी पडलं. ‘सोऱ्यातून पडताना तुटतात’ म्हणजे पीठ कोरडं राहिलंय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. ‘दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या’ म्हणजे आच मोठी होती, वरून रंग आला आणि आत ओल राहिली. ही उत्तरं फोनवर एकेकीला देत बसण्यापेक्षा एकदा नीट लिही, चिठ्ठी छाप आणि प्रत्येक पाकिटात टाक. पीठ कुठलीही बाई विकेल. पहिल्यांदाच चकली करणाऱ्या मुलीचा हात धरणारी तू एकटी असशील. ती मुलगी पुढच्या वर्षी दुसरीकडे जात नाही.

व्हॉट्सॲपवरही हेच कर. रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट ‘ऑर्डर द्या’ पाठवलंस तर लोक तुला म्यूट करतील. आठवड्यातून एकदाच पाठव, पण कामाचं पाठव. श्रावण लागायच्या आधी उपवासाच्या भाजणीचं थालीपीठ कसं थापायचं ते सांग. मार्चमध्ये मिरची बाजारात येते, तेव्हा यंदाचा मसाला कोणत्या मिरच्यांचा करणार ते सांग. दिवाळीच्या तर महिनाभर आधी सांग. ‘यंदा डाळ महागली, म्हणून भाव वाढलाय’ हे सरळ लिही, लोकांना कळतं. फोटो खिडकीच्या उजेडात काढ, तुझ्याच परातीचा काढ. इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत चकलीचा फोटो लावलास आणि आतून तुझी साधी खरी चकली निघाली, तर साधेपणाच फसवणूक वाटायला लागतो.

लेबलाचा कंटाळा करू नकोस. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी ऑनलाइन होते. त्याचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवा. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, भरल्याची तारीख, मुदत, किंमत, पत्ता, दळणाचा नंबर. थालीपिठाच्या भाजणीत गहू असेल तर तो ठळक लिही, कोणाला गव्हाचा त्रास असतो. काम वाढलं की गॅसचंही बघ. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर घरापुरता असतो, धंद्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक घ्यायचा असतो. आणि तो खर्चही किमतीत धरायचा.

शेवटचं, आणि हे कान देऊन ऐक. दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायची शेवटची तारीख आजच वहीत लिही. भाजायची कढई एक, हात दोन, दिवसाचे तास ठरलेले. त्यातून किती किलो निघतं ते तुझी वहीच सांगेल. त्याच्या पुढची ऑर्डर आली तर ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणायचं. धनत्रयोदशीच्या रात्री दोन वाजता तू गिरणीची पिशवी चाळत बसलीस, पोरांनी वसुबारसेला आई बघितली नाही, तर आलेल्या पैशाचं करायचं काय? घरात सांगून ठेव की अकरा ते दोन मी दुकानात असते, मग दुकान स्वयंपाकघरातच का असेना. त्या वेळात पाहुण्यांचा चहा दुसरं कोणी टाकेल. सुरुवातीला कुरकुर होईल. वहीतली महिनाअखेरची बेरीज एकदा नवऱ्याला आणि सासूबाईंना दाखव, कुरकुर कमी होते, हे मी माझ्याच घरात बघितलंय.

तर आता असं कर. या रविवारी दहा किलोचं एक दळण काढ, वर सांगितलेला प्रत्येक आकडा तुझ्या खऱ्या खर्चानं भर आणि भाव ठरव. ठरला की मला कळव. पहिली दोन किलोची ऑर्डर माझी, पुऱ्या भावानं. ताई आहे म्हणून सवलत दिलीस तर पाकीट परत पाठवीन.